पाण्यावरचं घर, घोड्यावरचं घर

माणसारख्या तालुक्यात राहून बोटीतल्या संसारावर लिहायचं म्हटल्यावर तुम्ही हसणारच! आमच्या माणगंगेला वर्षातले किती महिने पाणी असतं, हे दहिवडी-म्हसवडकडच्या मैत्रिणींना सांगायला नको. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. टँकरभोवती मांडलेल्या घागरी पाहत आम्ही मोठ्या झालो. होडी पाहिली ती पंढरपूरला, चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून.

तरीसुद्धा आजचा विषय बोटीचाच आहे. इंग्लंडातल्या कालव्यांवर पिढ्यान् पिढ्या बोटीत संसार करणाऱ्या कुटुंबांविषयी वाचत गेले, आणि जसजसं वाचलं तसतशी आपल्याच माळावरची, घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं चालणारी धनगराची बाई डोळ्यांसमोर येत राहिली. एकीचं घर पाण्यावर, दुसरीचं घोड्यावर. पण चूल, मूल आणि वाट ही तिन्ही एकाच वेळी सांभाळायची कसरत मात्र दोघींची सारखीच!

आधी त्या बोटीची हकिकत सांगते.

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताचं पाणी. इंग्लंडात मात्र कालवे खोदले ते मालाच्या वाहतुकीसाठी. १७६१ साली मँचेस्टरकडे कोळसा नेण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत देशभर अशा पाणवाटांचं जाळं पसरलं. काठानं घोडा चालायचा, त्याच्या दोराला बांधलेली बोट मागून सरकायची. चढ-उतार आला की पाण्याला मोठे दरवाजे बसवलेले. बोट आत घ्यायची, दरवाजा लावायचा, पाणी भरून ती वर उचलायची. पाण्याचे जिनेच म्हणा ना! ठिकठिकाणी हे जिने अगदी अरुंद असल्यानं बोटीही तशाच झाल्या. लांबी सत्तर फूट, पण रुंदी फक्त सात फूट.

सुरुवातीला नावाडी कामावर जायचा आणि बायको-मुलं गावात राहायची. पुढं आगगाडी आली. माल तिकडं वळला, बोटींचं भाडं कोसळलं. हाताखालचा गडी परवडेना आणि गावातल्या खोलीचं भाडंही जड जायला लागलं. मग नावाड्यांनी बायको-मुलांनाच बोटीवर घेतलं. दोन्ही खर्च वाचले. पैसे ठरायचे किती टन माल पोचवला त्यावर, आणि ते मिळायचे नवऱ्याच्या हातात. बायको दिवसभर सुकाणू धरायची, पाण्याचे दरवाजे उघडायची-लावायची, माल उतरवायला हात लावायची. पोरं घोड्याबरोबर मैलोन् मैल चालायची. त्यांच्या कामाचा वेगळा पैसा नव्हता. बिनपगारी खलाशीच सगळे!

आणि राहायला जागा किती? बोटीचा सगळा मोठा भाग कोळशाला, धान्याला. मागच्या टोकाला आठ-दहा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी एक खोली, ती घराची. आपल्या स्वयंपाकघरापेक्षाही लहान जागेत नवरा-बायको, चार-पाच मुलं. दारातून आत शिरलं की लोखंडी चूल. शेजारी कपाट. त्या कपाटाचं दार खाली पाडलं की ते जेवणाचं टेबल व्हायचं. दिवसा बसायचा बाक रात्री बिछाना व्हायचा. मोठ्यांची गादी घडी करून भिंतीतल्या कपाटात जायची. आणि एवढ्या काजळीच्या धंद्यात त्या बायका काय करायच्या माहीत आहे? भिंतीवर नक्षीच्या थाळ्या टांगायच्या, कडेनं विणलेल्या झालरी लावायच्या, पितळ घासून लख्ख ठेवायच्या. पाण्याच्या कॅनवरसुद्धा गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले. काठावरची माणसं त्यांना नाकं मुरडायची, घाणेरडे, भटके म्हणायची. त्या झालरी हे त्याला न बोलता दिलेलं उत्तर होतं, असं मला वाटतं.

आता चला आपल्या माळावर.

दसरा-दिवाळी आटोपली की आमच्या माणदेशातून, म्हणजे माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या पट्ट्यातून, मेंढपाळांचे वाडे बाहेर पडतात. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे बरं का! एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा, त्यांच्या मेंढरांचा, घोड्या-कुत्र्यांचा मिळून जो तांडा, तो वाडा. कुणी नीरा-भीमेच्या काठानं जातं, कुणी कृष्णाकाठी, कुणी घाट उतरून कोकणात. पावसाची चाहूल लागली की माघारी. कारण मेंढराला फार पाऊस आणि चिखल सोसत नाही, खुरं सडतात, रोगराई होते. पावसाळ्यात आपला कोरडा माळच त्यांना मानवतो. म्हणजे ज्याला आपण दुष्काळ दुष्काळ म्हणून नावं ठेवतो, तो मुलूख या धंद्याचं माहेर आहे.

या प्रवासात पुरुष मेंढरं चारत आडरानानं जातात. बिऱ्हाड नेते ती बाई. पहाटे चूल, भाकऱ्या, मग सगळं आवरून घोड्यावर लादायचं. तवा, परात, दोन-चार भांडी, कळशा, पिठा-मिठाची गाठोडी, अंथरुणं, घोंगडी आणि रात्री मेंढरं कोंडायची जाळी, जिला वाघर म्हणतात, ती. त्यावर नुकती जन्मलेली कोकरं, डालग्यातल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर, दोरीनं आवळून बसवलेलं आपलं दीड-दोन वर्षांचं पोर! इंग्लंडातल्या आयासुद्धा रांगतं मूल पाण्यात पडू नये म्हणून बोटीच्या टपावर दोरीनं बांधून ठेवत, हे वाचलं तेव्हा मला हे घोड्यावरचं पोरच आठवलं.

पुढच्या तळावर पोचलं की बाईचा दुसरा दिवस सुरू होतो. पाणी कुठं आहे ते बघायचं, तीन दगड मांडायचे, सरपण गोळा करायचं, वाघर ठोकायची, कोकरांना पाजायचं. मेंढरं येईस्तोवर स्वयंपाक तयार हवा. रात्री लांडग्याची भीती, चोराची भीती, म्हणून झोपही अर्धीच. आणि दोन-चार दिवसांनी, कधी एकाच रात्रीनंतर, पुन्हा सगळं बांधायचं.

फलटणच्या वाटेवर तळ टाकलेल्या एका बाईंना मी सहज विचारलं, “एवढ्या सामानात भागतं का हो तुमचं?” त्या हसून म्हणाल्या, “ताई, जेवढं घोडं उचलंल तेवढंच आपलं. जास्तीचं घिऊन करायचं काय?” मी घरी आले आणि आमच्या माळ्यावरचे डबे मोजायला लागले... जाऊ दे!

पण म्हणून या संसाराचं नुसतं कौतुक करून थांबू नये. मोकळं आकाश, निसर्गाची संगत असं आपण लांबून म्हणतो. वाड्यावरच्या बाईला विचारा, अंघोळीला आडोसा कुठं असतो, पाळीच्या दिवसांत काय करता, दिवस भरत आले की कोण असतं जवळ. ती खाली बघून दुसरंच काहीतरी बोलायला लागते.

शिवाय तिच्या कामाची नोंद कुठं आहे? मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार दोन्हीकडच्या कारभाऱ्यांत ठरतो. मेंढरू विकलं, बाजारात कारभारी. लोकर विकली, तरी तोच. कोकरू जगवलं कुणी? रात्री उठून आजारी मेंढीला पाला कुणी दिला? कागदावर मात्र तिचा धंदा ‘घरकाम’! इंग्लंडातल्या त्या बिनपगारी खलाशिणीची ही सख्खी बहीणच नाही का?

सगळ्यात अवघड प्रश्न मुलांचा. इथं मात्र त्यांची हकिकत आपल्याला बरंच काही शिकवते.

कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ नावाचे एक समाजसुधारक होते. आधी त्यांनी वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी लढा दिला आणि मग बोटीवरच्या मुलांसाठी. त्यांच्या खटपटीतून १८७७ साली कालव्यावरच्या बोटींचा कायदा झाला. बोट ‘घर’ म्हणून नोंदवायची, तिच्यात किती माणसं राहतील हे ठरवायचं, मुलं शाळेत जातील हे पाहायचं. १८८४ साली कायदा आणखी कडक केला, तपासनीस नेमले. पण गंमत बघा, मूल ज्या गावच्या शाळेचं ठरवलं होतं, ते गाव कालच मागं पडलेलं! बोट आज इथं, उद्या तिथं. जिथं माल उतरवायला दोन दिवस थांबली, तिथं पोरं शाळेत दोन दिवस बसायची, तिसऱ्या दिवशी पुढं. अक्षर ओळखीचं होईतो बोट सुटायची.

मग काहींनी म्हटलं, शाळेच्या दिवसांत मुलांना बोटीवर राहूच देऊ नका, वसतिगृहात ठेवा. यावर विसाव्या शतकात तिकडं बरीच वादावादी झाली. आयांचा जीव तुटायचा, त्यांनी विरोध केला. कुणाचं खरं? शिक्षण हवंच, पण सहा वर्षांचं लेकरू आईपासून तोडायचं का? हा प्रश्न आमच्या वाड्यांवर आजही तसाच आहे. मुलगा थोडा मोठा झाला की त्याला गावात आजी-आजोबांपाशी ठेवतात, शाळा चालू राहते. मुलगी? “ती गेली तर कोकरं कुणी बघायची? बारक्याला कुणी घ्यायचं?” असं उत्तर येतं. आई बोटीवर राबत होती तेव्हा धाकट्यांना सांभाळणारी त्यांची थोरली लेक आणि वाड्यावरची आपली थोरली लेक, दोघींच्या हातातली पाटी एकाच कारणानं सुटली.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असेल. १९५५ साली पुस्तकरूपानं आलेली ही कादंबरी आपल्याच माणदेशातली, धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला गेलेल्या कोवळ्या मास्तरची. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर चित्रपट केला. पुढं २०१५ साली ‘ख्वाडा’ चित्रपटानं भटकणाऱ्या मेंढपाळ कुटुंबाचे हाल पडद्यावर आणले. पुस्तकात शाळा वस्तीवर चालत गेली होती. साठ-सत्तर वर्षांनंतरही आपण वाट बघतोय ती मूल शाळेपर्यंत चालत येण्याची. वाडा कुठल्या गावाला कधी असेल, याचा अंदाज गावोगावच्या शेतकऱ्यांना असतो. शाळेला का नसावा?

चालत्या घरापर्यंत पोचता येतं, हेही त्या कालव्यांवर दिसलं. स्टोक ब्रुअर्न नावाच्या गावी मेरी वॉर्ड या परिचारिका राहायच्या. कालव्याच्या काठावरचं त्यांचं घर हाच बोटकरांचा दवाखाना. बोटी थांबल्या की बाळंतिणी, जखमा, खोकले सगळे त्यांच्या दारी. त्या बोटकरांना टाकून बोलत नव्हत्या, म्हणून बाया लांबून बोट हाकत त्यांच्यापाशी यायच्या. १९५१ साली त्यांच्या कामाचा सरकारी सन्मानही झाला. एका बाईनं आपलं दार उघडं ठेवलं, तर किती फरक पडतो!

आता बदलत्या काळाविषयी. १९६२-६३ च्या हिवाळ्यात इंग्लंडातले कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले. आधीच मरायला टेकलेल्या त्या धंद्याला तो शेवटचा तडाखा बसला. आज त्याच कालव्यांवर हजारो बोटी आहेत, पण माल वाहणाऱ्या जवळपास नाहीत. कुणी हौसेनं राहतं, कुणी लंडनमधलं घरभाडं परवडत नाही म्हणून. कायमचा तळ नसलेल्या बोटीनं एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असा तिथला नियम आहे. म्हणजे फिरत्या घराला कायद्यानं चौदा दिवस तरी दिले आहेत. आमच्या वाड्याला एक रात्र मिळेल की नाही, हे त्या त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर!

आणि तळ टाकायच्या जागाही कमी होत चालल्यात. गेल्या काही वर्षांत उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी माणच्या काही भागात आलं. कालव्याला पहिल्यांदा पाणी आलं की बाया ओटी भरतात, तो आनंद मी पाहिलाय. पाणी यायलाच हवं. पण पाणी आलं की पडीक रान उरत नाही, ऊस-द्राक्षं उभी राहतात, तारेची कुंपणं येतात. जुन्या चराऊ वाटा बंद होतात आणि मेंढरं डांबरी रस्त्यावर येतात. भरधाव ट्रकच्या बाजूनं घोड्याचा लगाम धरून चाललेली बाई, मागं कोकरं, वर पोर... हे दृश्य आपण गाडीच्या काचेतून कितीदा बघतो.

धंदा टिकवायचे प्रयत्नही चालू आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. थोड्या मेंढ्यांत जास्त उत्पन्न, म्हणजे भटकंती कमी होण्याची आशा. राज्य सरकारनं २०१७ साली मेंढपाळांसाठी महामेष योजना आणली. हे सगळं चांगलंच. पण जुळ्या कोकरांतलं अशक्त कोकरू बाटलीनं पाजायचं काम कुणाकडं येणार, हे तुम्हाला सांगायला हवं का? म्हणून प्रशिक्षणाला तिलाही बोलवा, अर्जावर तिचंही नाव घाला, एवढंच म्हणणं आहे.

शिकलं तर काय होतं, हेही ताजं उदाहरण आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला, त्यात कागल तालुक्यातल्या यमगेचा बिरदेव डोणे ५५१ व्या क्रमांकानं उत्तीर्ण झाला. निकाल कळला तेव्हा तो मेंढरांमागं रानात होता. डोक्यावर पटका, खांद्यावर घोंगडी, असा त्याचा सत्कार सगळ्यांनी पाहिला. माझ्या मनात तेव्हापासून एकच येतं, आता वाड्यावरची एखादी लेक अशी कधी झळकणार?

त्यासाठी फार मोठं काही करायला हवं असं नाही. तुमच्या गावाशेजारी वाडा उतरला, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला जवळच्या शाळेत, वर्षाच्या मध्येही, प्रवेश द्यावा लागतो. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, ही कारणं चालत नाहीत. हे वाड्यावरच्या आईला माहीत नसतं, पुष्कळदा गावातही माहीत नसतं. चार दिवस का होईना, ते पोर शाळेत बसू द्या. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना कळवा, लस आणि आहार परगावच्या मुलालाही देता येतो. रेशनकार्ड असेल, तर धान्य आता दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळू शकतं, हे सांगा. बचत गटाच्या बैठकीला तिला बोलवा. आणि आपल्या नळाचं, हातपंपाचं पाणी भरू द्या. पाण्यासाठी हात पसरणं काय असतं, हे माणच्या बाईला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही.

संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे वर्ष गवताळ कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, आणि तेच वर्ष शेतकरी स्त्रीचंही वर्ष म्हणून जाहीर केलं. योगायोग किती छान! पशुपालकही असलेली आणि राबणारी स्त्रीही असलेली अशी कुणी शोधायला आपल्याला लांब जायला नको. दिवाळीनंतर ती आपल्याच शिवारातून जाते.

मैत्रिणींनो, इंग्लंडातली बोटीवरची बाई कायद्याच्या वहीत आली, तेव्हा कुठं तिच्या मुलांची शाळा सुरू झाली. आपल्या वाड्यावरच्या बाईची नोंद आपल्यापासून सुरू होऊ शकते. वाडा आला की कुत्र्यांना भिऊन लांबूनच जाऊ नका. जवळ जा, बसा. आपण तिला ‘धनगरीण’ एवढंच म्हणतो. आधी तिचं नाव विचारा, मग तिच्या लेकीचं, आणि मग लेक कितवीत आहे ते.